अर्धे राहिलेले भाषण



स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून दे, असा निरोप संयोजक मंडळींकडून आला. आठवणी काय, पुष्कळ आहेत. पावसाळ्यात कुरवंड्याच्या रस्त्यावर धुके इतके उतरायचे की पुढे चालणाऱ्या मुलीची छत्री तेवढी दिसायची. वर्गात ओल्या दप्तरांचा वास भरलेला असायचा. सहल म्हटली की नागफणी ठरलेली. कड्यावर उभे राहून खालच्या कुरवंडे घाटाकडे आणि उंबरखिंडीकडे बोट दाखवत सर १६६१ सालची लढाई सांगायचे आणि आपण सगळे श्वास रोखून ऐकायचो. हे सारे तुमच्यापैकी कोणी ना कोणी लिहिणारच आहे. म्हणून मी वेगळेच काही लिहिते. शाळेत मी एक भाषण अर्धेच केले होते, ते आज पुरे करते.

आठवीच्या स्नेहसंमेलनात थोर स्त्रियांवर कार्यक्रम होता, तो तुम्हाला आठवत असेल. प्रत्येक मुलीने चिठ्ठी उचलायची आणि जिचे नाव येईल तिच्यावर बोलायचे. कोणाला जिजाऊ मिळाल्या, कोणाला सावित्रीबाई, कोणाला डॉक्टर आनंदीबाई जोशी. मला पंडिता रमाबाई मिळाल्या. बाईंनी वाचनालयातले एक पातळ पुस्तक मला दिले. मी मन लावून भाषण लिहिले आणि घरी वाचून दाखवले. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने ते ऐकले आणि रमाबाईंनी धर्म बदलला तो भाग गाळायला सांगितला. त्यांचे म्हणणे, उगाच चर्चा नको, विधवांसाठी काम केले एवढे पुरे. मी तो भाग गाळला. भाषणाला टाळ्या मिळाल्या आणि बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली.

कार्यक्रम संपल्यावर आपल्या वर्गातली एक मैत्रीण माझ्याकडे आली. तिचे नाव लिहीत नाही, तुम्हाला ते कळेलच. आपल्या वर्गात ख्रिस्ती घरातली ती एकटीच होती. केडगावला रमाबाईंनी उभारलेले चर्च आहे ना, असे तिने मला विचारले. आपल्या आजीबरोबर ती तिथे जाऊन आली होती. मला ठाऊक नाही, असे मी सांगितले. ते खोटे होते, कारण पुस्तकात ते सारे होते आणि मी ते दोनदा वाचले होते. ती काही बोलली नाही आणि खुर्च्या उचलायला गेली. या गोष्टीला आता चाळीसहून अधिक वर्षे झाली. मी स्वतः ख्रिस्ती नाही, पण जे गाळले ते मलाच भरून दिले पाहिजे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. सह्याद्रीच्याच रांगेत, पण दक्षिणेला कर्नाटकात, गंगामूळ नावाच्या अरण्यात वडिलांनी घर बांधले होते तिथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये, असे मानणाऱ्या काळात त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्यावरून पंडितांनी जाब विचारला, तेव्हा शास्त्राचाच आधार देऊन त्यांनी आपली बाजू मांडली. रमाबाईंना शिकवले ते मात्र आईने. पहाटे लवकर उठवून ती मुलीकडून श्लोक पाठ करून घेई. कुटुंब तीर्थक्षेत्रांतून फिरे, देवळात पुराण सांगे आणि मिळेल त्या दक्षिणेवर राही.

पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. पैसा संपला आणि मोलमजुरीची सवय नाही, अशी त्या घराची अवस्था झाली. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई गेली आणि मग थोरली बहीण. आई अखेरच्या आजारात भाकरीचा तुकडा मागत होती. तो मागून आणायला रमाबाई शेजारच्या घरी गेल्या, पण तोंडातून शब्द निघेना. त्या घरच्या बाईने न मागताच ओळखले आणि भाकरी दिली. तोवर आईला ती खाण्याचीही ताकद उरली नव्हती. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. ही भाकरी त्या पुढे विसरल्या नाहीत, आणि आपणही ती ध्यानात ठेवू, कारण पुढच्या कहाणीत तिचा संबंध येतो.

उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघे पायी देशभर हिंडले. थंडीत पांघरूण नाही म्हणून नदीकाठच्या वाळूत खड्डा करायचा आणि अंगावर वाळू ओढून झोपायचे, असेही दिवस त्यांनी काढले. १८७८ साली ती भावंडे कलकत्त्याला पोचली. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते हे पाहून तिथले विद्वान थक्क झाले आणि त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशी रमाबाईंनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी आणि प्रांतही वेगळा. १८८१ साली मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. मांडीवर लहान मूल आणि माहेर तर उरलेलेच नव्हते.

त्या पुण्यात आल्या. १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज काढला. पुण्यातल्या सुशिक्षित घरांतल्या बायका त्यांच्या सभांना येऊ लागल्या. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई रानडे त्यांपैकीच एक. हंटर आयोगापुढे साक्ष देताना मुलींसाठी स्त्री शिक्षिका हव्यात आणि स्त्रियांवर उपचार करायला स्त्री डॉक्टर हव्यात, असे पंडिता रमाबाईंनी मांडले. त्यांचे 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक याच वर्षीचे. माझे आठवीतले भाषण इथपर्यंत रीतसर होते. यानंतर मी एकदम शारदा सदनावर उडी मारली होती. मधली वर्षे आता सांगते.

१८८३ साली वैद्यकीय शिक्षण घ्यावे म्हणून रमाबाई लहानग्या मनोरमाला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज या गावी ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात त्या राहिल्या. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना त्या भगिनी माणसासारखे वागवतात, त्यांना पुन्हा उभे करतात, हे त्यांनी पाहिले. त्याच सुमाराला ख्रिस्ताने एका शोमरोनी स्त्रीशी विहिरीवर केलेले बोलणे त्यांच्या वाचनात आले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी आई आणि मुलगी दोघींनी बाप्तिस्मा घेतला. ऐकू कमी येऊ लागल्याने डॉक्टर होण्याचा बेत सोडावा लागला. मग चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवू लागल्या आणि स्वतःही शिकत राहिल्या.

महाराष्ट्रात यावर गदारोळ उठला. विदुषी म्हणून डोक्यावर घेतलेली स्त्री परधर्मात गेली, याचा राग मोठा होता. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ मध्ये 'सत्सार'मधून रमाबाईंची बाजू घेतली. पण रमाबाई मिशनऱ्यांच्या हातातले बाहुले झाल्या होत्या असे कोणी समजू नये. धर्मगुरू सांगतील ते मुकाट्याने मानायला त्यांनी वाँटेजमध्येही नकार दिला. त्र्यैक्याच्या सिद्धान्तावर त्यांनी प्रश्न विचारले. आपल्या मुलीने काय शिकावे यावर त्यांचा भगिनींशी वाद झाला. ब्राह्मण पुरोहितांच्या सत्तेतून सुटले ती दुसऱ्या पुरोहितांच्या सत्तेखाली जाण्यासाठी नव्हे, अशी त्यांची भूमिका होती.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तिथे दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली निघाले. बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने भारतातल्या विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत देण्याचे ठरवले. ही दहा वर्षांची मुदत लक्षात ठेवा.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे महर्षी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झालेल्या आनंदीबाई कर्वे त्या याच. १८९० च्या अखेरीस सदन पुण्याला हलवले. सामान आणि मुली घेऊन ती गाडी बोरघाट चढून आपल्या खंडाळा-लोणावळ्यावरूनच गेली असणार.

सदनात कोणावर धर्माची सक्ती नव्हती. मुलींचे जेवणखाण, सोवळेओवळे ज्याच्या त्याच्या रीतीने चाले. रमाबाई आपली प्रार्थना आपल्या खोलीत करत, पण दार उघडे ठेवत. मुली येऊन बसू लागल्या. काहींचा कल ख्रिस्ती धर्माकडे झुकला. पुण्यात वादळ उठले, 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ साली रानडे, भांडारकर आदी सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात एकच बाजू खरी होती असे मला आज वाटत नाही. विश्वासाने मुलगी पाठवणाऱ्या बापाला भीती वाटली, यात नवल नाही. रमाबाईंनी दार लावून घेतले असते तर सल्लागार राहिले असते, पैसा आणि मानही राहिला असता. पण आपल्याच घरात लपून प्रार्थना करायची नाही, हे त्यांचे ठरलेले होते आणि त्याची किंमत त्यांनी मोजली.

मधल्या काळात त्यांच्या मनातही एक बदल झाला होता. बाप्तिस्म्याला आठेक वर्षे झाल्यावर, १८९१ च्या सुमारास त्यांना जाणवले की आपण ख्रिस्ती धर्म बुद्धीने स्वीकारला, पण ख्रिस्तावर भरवसा टाकून जगायला अजून शिकलो नाही. इथून पुढे त्यांची रीत बदलली. देवाने वचन दिले आहे तर तो ते पाळील, आपण मागायचे, काम करत राहायचे आणि वाट पाहायची, असे त्या जगू लागल्या. ही वाट पाहणे म्हणजे हात जोडून बसणे नव्हते. त्याचे दोन दाखले देते. त्यांतला एक आपल्या लोणावळ्याचा आहे.

पहिला दाखला केडगावचा. अमेरिकेच्या मदतीची मुदत १८९८ ला संपणार होती. त्यानंतर काय, म्हणून रमाबाईंनी मुदत संपायच्या कितीतरी आधी पुण्याच्या पलीकडे, दौंडच्या वाटेवर केडगाव स्टेशनाजवळ सुमारे १०० एकर जमीन घेतली. माळरान होते. तिथे विहिरी खणल्या, संत्री, लिंबू, आंबा अशी फळझाडे लावली. झाडांच्या उत्पन्नावर सदन चालेल असा हिशेब होता. आंब्याला फळ धरायला किती वर्षे लागतात हे मावळात वाढलेल्या आपल्याला कोणी सांगायला नको. वाट पाहायची म्हणजे आधी खड्डे खणावे लागतात.

दुसरा दाखला आपल्याकडचा. त्या काळी लोणावळ्याला उन्हाळ्यात ख्रिस्ती लोकांची उपासना शिबिरे भरत. मोठ्या दुष्काळाच्या आधीच्या अशाच एका शिबिराला रमाबाई आल्या. त्यांच्याबरोबर सदनातल्या १५ मुली होत्या, ख्रिस्ती झालेल्या. एके दिवशी पहाटे रमाबाई एकट्याच रानात गेल्या. या १५ मुलींबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले आणि मग एक मागणे मागितले. पुढच्या शिबिरापर्यंत या संख्येचा वर्ग होऊ दे. पंधराचा वर्ग म्हणजे २२५. मागून झाल्यावर त्यांनाच शंका आली. सदनात इतक्या मुलींना जागा नव्हती, पैसाही नव्हता, आणि ज्या पुण्याने मुली काढून नेल्या ते पुणे २२५ मुली पाठवणार कुठून? तेव्हा देवाला काही अशक्य आहे काय, या अर्थाचे यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातले वचन त्यांना आठवले आणि त्या ते धरून राहिल्या. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

आपण ज्या हवेत वाढलो त्याच हवेत हे घडले. नेमके कोणते झाड, कोणती टेकडी ते मला माहीत नाही, पण उन्हाळ्यातली लोणावळ्याची पहाट कशी असते ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. हे मला आठवीत कळले असते, तर माझे भाषण तिथूनच सुरू झाले असते.

मागणे पुरे झाले, पण ज्या वाटेने झाले ती वाट कोणी मागितली नसती. १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातल्या हालअपेष्टांच्या बातम्या रमाबाईंच्या कानी आल्या. जवळ पैसा फारसा नव्हता, तरी त्या निघाल्या. दुष्काळी कामांवर आणि अन्नछत्रांभोवती अनाथ मुली आणि तरुण विधवा होत्या. त्यांना फसवून नेणारी माणसेही तिथेच घिरट्या घालत होती. आईसाठी भाकरी मागायला गेलेली सोळा वर्षांची मुलगी रमाबाईंच्या आत होतीच. त्यांनी मुली जमवायला सुरुवात केली आणि सुमारे ३०० जणी आणल्या. त्यात पुण्यात प्लेग आला. इतकी माणसे शहरात ठेवू देईनात. मग फळझाडांसाठी घेतलेल्या केडगावच्या त्याच माळावर राहुट्या आणि छपरे उभी राहिली. जमीन झाडांसाठी घेतली होती, तिथे आधी मुली वाढल्या. त्या वस्तीला नाव पडले मुक्ती.

प्लेगच्या दिवसांतली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यावरून त्यांचे नेतृत्व कळते. पुण्याच्या प्लेग रुग्णालयात आणि विलगीकरण छावणीत स्त्रियांची आबाळ होते, त्या सुरक्षित नाहीत, असे रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड लिहिले. सरकार इंग्रजांचे, ख्रिस्ती राज्यकर्त्यांचे, म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. तो विषय विलायतेत पार्लमेंटपर्यंत गेला. आपल्या माणसांना कटू वाटेल ते बोलायचे, आणि राज्यकर्त्यांनाही कटू वाटेल ते बोलायचे, हे दोन्ही त्यांनी केले.

१८९९-१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला आणि तिकडूनही मुली आल्या. मुक्तीतली संख्या २००० च्या आसपास गेली. पंधरापासून मोजा. इतक्या जणींना दोन वेळ जेवू घालायचे, अंगावर कपडा द्यायचा, लिहायला शिकवायचे, आजारात बघायचे. रमाबाईंनी प्रत्येक हाताला काम लावले. विणकाम, शिवण, तेलघाणी, गुरे, शेती, छापखाना, सारे त्या स्त्रियाच चालवत. अंध मुलींसाठी ब्रेलची शाळा निघाली, त्यात मनोरमाबाईंचा मोठा वाटा. वाट चुकलेल्या किंवा फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. ठरावीक देणगीदार नाही, वर्गणीसाठी तगादा नाही. मागणे देवापुढे मांडायचे आणि दिवसाचे काम करायचे.

इथे थोडे माझे सांगते. मी २२ वर्षे मुलींच्या एका वसतिगृहाची अधीक्षिका होते. मुली साठ. अनुदान कधी जूनचे नोव्हेंबरात येई. तोवर वाण्याची उधारी, गॅसची टाकी आणि परीक्षेची फी, यांचा मेळ घालताना रात्री झोप लागत नसे. साठ ताटांची काळजी काय असते ते मी जाणते. म्हणून २००० ताटांपुढे उभी राहून शांतपणे प्रार्थना करणारी बाई मला पुस्तकातली वाटत नाही. ती शांतता आली कुठून, हे विचारायचे तर तिच्या श्रद्धेबद्दल बोलावेच लागते. श्रद्धा वगळून तिचे काम सांगणे म्हणजे विहीर वगळून मळा सांगण्यासारखे आहे. आठवीत मी तेच केले होते.

एक प्रश्न मात्र मी टाळणार नाही. जिला पोटासाठी आसरा हवा तिच्यापुढे आसरा देणाराचा धर्म आला, तर तिची निवड कितपत मोकळी राहते? हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो विचारण्याजोगाच आहे. वसतिगृह चालवलेली बाई म्हणून मला माहीत आहे की जेवण देणाऱ्या हाताचे वजन फार असते. पण त्याच वेळी हेही खरे की त्या मुलींना आणायला त्या माळावर दुसरे फार कोणी गेले नव्हते. दोन्ही गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवते. तुम्ही आपापले ठरवा.

१९०५ साल उजाडले. वेल्सकडे मोठी धार्मिक जागृती झाल्याच्या बातम्या येत होत्या. तसे आपल्याकडेही व्हावे म्हणून जानेवारीत रमाबाईंनी सुमारे ७० जणींचा प्रार्थनागट सुरू केला. रोज जमायचे, रोज मागायचे. महिने गेले. गट वाढत वाढत ५०० च्या पुढे गेला. जून संपता संपता मुक्तीत ती लाट आली. मुली रडत आपल्या चुका कबूल करू लागल्या, तासन् तास मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, आणि पुढे गावोगाव संदेश सांगायला निघाल्या. जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात मुक्तीचे ते जागरण नोंदले गेले आहे. मला त्यातले सर्व समजते असा माझा दावा नाही. मला दिसते ते इतकेच की सहा महिने रोज ठरल्या वेळी जमणे सोपे नसते.

आणि शेवटचे मोठे काम म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. आधीची भाषांतरे होती, पण त्यांची मराठी खेड्यातल्या, नुकत्या अक्षर ओळखू लागलेल्या बाईला जड जाई. म्हणून संस्कृत पंडिता असलेल्या या बाईने संस्कृतचा डौल बाजूला ठेवून सोप्या मराठीत सारे बायबल आणायचे ठरवले. मूळ भाषा हव्यात म्हणून हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला. पंधरा वर्षांहून अधिक काळ हे काम चालले. खिळे जुळवायचे, छापायचे, मुद्रिते तपासायची, सगळे मुक्तीतल्या बायकांनी केले.

त्यांची सगळीच मागणी पुरी झाली असे नाही. आपल्यामागे मनोरमा हे सारे सांभाळील, अशी त्यांची आशा होती. मुलगीही तशीच तयार झाली होती, शिकलेली, कष्टाळू, आईच्या बरोबरीने झिजलेली. १९२१ च्या जुलैत मिरजेला मनोरमाबाई वारल्या. वडील, आई, बहीण, भाऊ, पती आणि आता मुलगी. त्रेसष्ट वर्षांच्या रमाबाई पुन्हा एकट्या राहिल्या. त्या खचून अंथरुणाला खिळल्या नाहीत. संस्थेची जबाबदारी सहकाऱ्यांवर सोपवण्याची व्यवस्था लावली आणि उरलेली मुद्रिते पुढ्यात घेतली. तपासायचे काम पुरे होईपर्यंत आयुष्य दे, एवढेच त्या मागत होत्या असे सांगतात. ते काम संपले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. त्यांचे संपूर्ण बायबल छापून बाहेर आले ते १९२४ मध्ये. ते त्यांना हातात घेता आले नाही.

गेल्या हिवाळ्यात मी केडगावला जाऊन आले. लोणावळ्याहून लोकलने पुणे, तिथून दौंडकडची गाडी. मुक्ती मिशन आजही आहे, आजही तिथे निराधार स्त्रिया आणि मुले राहतात. मी चर्चमध्ये मागच्या बाकावर थोडा वेळ बसले. मला प्रार्थना करता येत नव्हती म्हणून नुसतीच बसले. येताना एक भेटकार्ड विकत घेतले. त्यावर कोणाचे नाव घालायचे हे ठरलेलेच होते.

तेव्हा, माझ्या मैत्रिणी, तू त्या दिवशी विचारलेस त्याचे उत्तर हे. होय, केडगावला रमाबाईंनी उभारलेले चर्च आहे आणि ते मला तेव्हाही ठाऊक होते. उत्तर द्यायला मी फार उशीर केला. मेळाव्याला तू येणार आहेस असे कळले आहे. कार्ड मी पर्समध्ये ठेवले आहे. जेवणाच्या पंगतीत तुझ्या शेजारची जागा माझ्यासाठी धर.

आणि बाई, ते पातळ पुस्तक वाचनालयात अजून असेल, तर यंदाच्या आठवीच्या मुलीला ते द्यावे आणि सगळेच्या सगळे बोलायला सांगावे, ही विनंती.

आपली,
शाळेची एक माजी विद्यार्थिनी